शेवटची पदवी : बी. ए.

गेल्या वर्षी, प्रथम वर्षात असताना, इतिहासाच्या सरांनी आम्हांला एक प्रकल्प दिला होता. विषय होता आपल्या गावचे दैवत. मी मावळातल्या एका लहान खेड्यातली. आमच्या गावात नाव घेण्यासारखे देऊळ नाही. ओढ्याच्या काठी करंजाच्या झाडाखाली शेंदूर फासलेले सात दगड आहेत. त्यांना आम्ही मावलाया म्हणतो. ना मूर्ती, ना कळस, ना पुजारी. वर्गातल्या मुली अष्टविनायकांवर आणि जेजुरीवर लिहिणार होत्या. त्यांच्यापुढे आपले सात दगड कसे मांडावेत याची मला लाज वाटली. ग्रंथालयातून एक पुस्तक काढून मी दुसऱ्याच एका प्रसिद्ध देवस्थानाची माहिती उतरवून दिली.

सरांच्या ते लगेच लक्षात आले. ते रागावले नाहीत. माझे गाव कोणते, तिथे काय आहे, एवढेच त्यांनी विचारले. मी खाली मान घालून मावलायांचे सांगितले. ऐकून त्यांनी कपाटातून एक इंग्रजी पुस्तक काढले आणि माझ्या हातात दिले. पुस्तकाचे नाव होते ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’, प्रकाशन 1962, लेखक दामोदर धर्मानंद कोसंबी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. इंग्रजीची भीती अजून गेलेली नाही. शब्दकोश उघडून, रोज दोन-तीन पाने, असे ते पुस्तक मी वाचू लागले आणि एके दिवशी त्यात मला आमच्या मावलाया भेटल्या. ओढ्याकाठचे ते तांबडे, निराकार दगड एका मोठ्या विद्वानाने पाहिले होते आणि त्यांवर गंभीरपणे लिहिले होते. या माणसाचे चरित्र जाणून घ्यावे, अशी इच्छा त्या दिवशी झाली. तेच येथे सांगते.

कोसंबींचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेशापर्यंत भटकलेला हा माणूस पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागला. हार्वर्ड विद्यापीठाच्या कामासाठी ते 1918 मध्ये पुन्हा अमेरिकेला निघाले, तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरला त्यांनी बरोबर नेले. मुलाचे शालेय शिक्षण तिकडेच झाले. पुढे तो हार्वर्डमध्ये दाखल झाला.

हार्वर्डमध्ये त्या वेळी जॉर्ज बर्कॉफ नावाचे मोठे गणिती होते. या हुशार मुलाने केवळ गणितावर लक्ष द्यावे, असा त्यांचा सल्ला होता. कोसंबींनी तो मानला नाही. गणित तर ते शिकलेच, पण त्याबरोबर भाषा आणि इतर अनेक विषयही घेतले आणि त्यांत चमकले. 1929 मध्ये ते अतिशय उच्च श्रेणीत बी. ए. झाले. ही त्यांची शेवटची पदवी. एम. ए. नाही, पीएच. डी. नाही. ज्यांच्या ग्रंथांवर आज लोक प्रबंध लिहून डॉक्टर होतात, ते स्वतः आयुष्यभर फक्त बी. ए. होते, हे वाचले तेव्हा द्वितीय वर्ष कला या माझ्या वर्गाबद्दल मला प्रथमच थोडा अभिमान वाटला!

भारतात परतल्यावर त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवले. नंतर आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाने त्यांना अलीगढला बोलावून घेतले. 1933 मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. जिथे वडिलांनी पाली शिकवली होती, तिथेच मुलगा बारा वर्षे गणित शिकवत राहिला. 1934 मध्ये त्यांना रामानुजन पारितोषिक मिळाले. भूमितीतील एका अवघड शाखेत त्यांचे नाव परदेशांतही घेतले जाऊ लागले. एखाद्याने याच वाटेने सुखाने जन्म काढला असता. पण कोसंबींचे प्रश्न गणिताच्या कुंपणात राहिले नाहीत.

संख्याशास्त्र नुसते पुस्तकातून शिकू नये, प्रत्यक्ष कशावर तरी ते वापरून पाहावे, असे त्यांनी ठरवले आणि त्यासाठी निवडली जुनी नाणी. आपल्या देशात फार प्राचीन काळी चांदीच्या तुकड्यांवर ठसे मारून नाणी करत. त्यांना आहत नाणी म्हणतात. त्यांवर राजाचे नाव नसते, साल नसते. मग कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ओळखायचे कसे? कोसंबींनी तराजू घेतला. नाणे हातोहाती फिरते तेव्हा ते झिजते. एकाच वेळी पाडलेली नाणी सुरुवातीला जवळजवळ सारख्या वजनाची असतात. वर्षे जातात तसे त्यांचे सरासरी वजन उतरते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. हे खरे आहे की नाही, ते पाहण्यासाठी त्यांनी आधी साल छापलेली, रोजच्या व्यवहारातली चालू नाणी हजारोंनी तोलली. नियम पक्का झाल्यावर ते जुन्या नाण्यांकडे वळले. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूस लहान लहान खुणा असतात. जितक्या खुणा जास्त, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. म्हणजे या खुणा वेळोवेळी नाणे तपासणाऱ्यांच्या असाव्यात आणि जास्त खुणांचे नाणे जास्त दिवस फिरलेले असावे. मुक्या चांदीला त्यांनी अशा रीतीने बोलते केले.

माझ्या मामांचे लोणावळ्यात किराणा दुकान आहे. त्यांना मी हे सांगितले. वापरून वापरून झिजलेले वजनाचे माप कसे ओळखायचे हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ही गोष्ट त्यांना माझ्याआधी समजली. मोठे संशोधन कधी कधी दुकानदारालाही पटेल इतके साधे असते, हे मला त्या दिवशी कळले.

नाण्यांनंतर आनुवंशिकता. आईबापांचे गुण मुलांत उतरतात ते जनुकांमुळे, हे आपण शाळेत शिकतो. एका रंगसूत्रावर अनेक जनुके दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी ओळीने असतात. पुढच्या पिढीत जाताना जोडीच्या दोऱ्यांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते. दोन मणी जितके दूर, तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता अधिक. म्हणून किती वेळा ताटातूट झाली हे मोजून त्यांच्यातील अंतराचा अंदाज बांधता येतो. अडचण अशी, की दोन मण्यांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ते पुन्हा एकत्र येतात आणि मोजणी चुकते. शिवाय एका ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्याची शक्यता बरेचदा कमी होते. हॅल्डेन या शास्त्रज्ञांनी 1919 मध्ये दिलेल्या सूत्रात ही शेवटची गोष्ट धरलेली नव्हती. ती धरून कोसंबींनी 1944 मध्ये नवे सूत्र मांडले. आज ते कोसंबींच्या नावानेच ओळखले जाते. पिकांच्या नव्या जाती शोधणारे आणि आनुवंशिक रोगाचे जनुक कुठे आहे याचा माग काढणारे संशोधक, दोघेही जनुकांचे नकाशे करताना ते वापरतात. शेती आणि आरोग्य या दोन्ही क्षेत्रांना उपयोगी पडणारे हे सूत्र देणारा माणूस ना शेतकीचा पदवीधर होता ना वैद्यकाचा. आणि ते सूत्र वापरणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की या कोसंबींनी भर्तृहरीही संपादित केला होता?

होय, भर्तृहरी! नाण्यांच्या मागे कोण राजे होते हे शोधताना जुने ग्रंथ वाचावे लागले, त्यासाठी संस्कृत पक्के करावे लागले. संस्कृत पक्के करायचे म्हणून त्यांनी भर्तृहरीची शतके हाती घेतली. नीती, शृंगार आणि वैराग्य या तीन शतकांची देशभर शेकडो हस्तलिखिते. प्रत्येकात श्लोक कमीअधिक आणि पाठ वेगळे. पुण्यात भांडारकर संस्थेमध्ये विष्णु सीताराम सुखठणकर महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करत होते. हस्तलिखिते ताडून मूळ पाठापर्यंत कसे जायचे, याचा आदर्श कोसंबींपुढे होता. त्यांनी हस्तलिखितांची घराणी लावली, सगळीकडे सापडणारे श्लोक वेगळे काढले आणि 1948 मध्ये भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली. पुढे 1957 मध्ये वा. वि. गोखले यांच्यासह त्यांनी विद्याकर या बौद्ध पंडिताने केलेला ‘सुभाषितरत्नकोश’ हार्वर्डच्या ग्रंथमालेत संपादित केला. लहानपणी वडिलांचे बोट धरून ते ज्या विद्यापीठात गेले, त्याच विद्यापीठाच्या मालेत हे पुस्तक निघाले.

दरम्यान 1945 मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले होते. कोसंबींनी पुण्याचे घर सोडले नाही. ते डेक्कन क्वीनने ये-जा करत. ही गाडी 1930 पासून धावते आहे आणि आमच्या मावळातूनच जाते. आमच्या छोट्या स्टेशनावर ती थांबत नाही. सकाळी मी पुण्याच्या लोकलची वाट पाहत उभी असते तेव्हा कधी ती समोरून धडाडत निघून जाते. आता तिच्याकडे पाहताना मनात येते, की खिडकीशी बसलेल्या या माणसाने आमचे डोंगर किती वेळा पाहिले असतील!

कारण डोंगर पाहणे हाही त्यांच्या अभ्यासाचा भाग होता. पुण्यात त्यांचे घर भांडारकर संस्थेच्या बाजूला होते. घरामागच्या टेकडीवर फिरताना त्यांना दगडाची बारीक हत्यारे सापडू लागली. नखाएवढी, धारदार पाती. हजारो वर्षांपूर्वीच्या भटक्या माणसांनी घडवलेली. घराजवळ फासेपारध्यांची पाले पडत. त्यांच्याशी बोलून कोसंबी त्यांच्या चालीरीती समजून घेत. मग ते जुन्नर, कार्ले, थेऊर असे हिंडू लागले. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत; त्यांत यवनही आहेत. त्याच चैत्याच्या दाराशी एकवीरेचे देऊळ आहे. आम्ही दरवर्षी चैत्रात तिथे जातो, पण बुद्धाचे चैत्य आणि आमची आई एकाच अंगणात का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कोसंबींना तो पडला. डोंगरातल्या जुन्या पायवाटा, त्यांवर सापडणारी दगडी पाती, त्याच वाटांवरची शेंदराची ठाणी, लेणी आणि बाजाराची गावे यांचा संबंध त्यांनी जोडून पाहिला. मेंढरे घेऊन फिरणाऱ्यांच्या प्राचीन वाटा वारीच्या वाटांखाली दडलेल्या असाव्यात, असे त्यांना वाटले. आणि आमच्या मावलायांबद्दल त्यांचे म्हणणे असे, की मावळ हे प्रदेशाचे नावच या मातांशी जोडलेले आहे आणि कार्ल्याच्या शिलालेखात ते सातवाहन काळापासून दिसते. म्हणजे आमचे सात दगड निदान दोन हजार वर्षांच्या परंपरेतले!

कोसंबी देवभोळे नव्हते. ते मार्क्सच्या विचाराचे, पक्के बुद्धिवादी. पण ज्या बाईची त्या दगडावर श्रद्धा आहे, तिला ते हसत नसत. तिला विचारत. या दैवताला काय चालते, काय चालत नाही, नवस कोणते, जत्रा केव्हा. पोथीत जे लिहिलेले नाही ते लोकांच्या वागण्यात शिल्लक असते, हे त्यांनी जाणले होते. वाचन, मोजणी आणि पायपीट या तिन्हींची सांगड घालून त्यांनी 1956 मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. राजांच्या वंशावळीपेक्षा लोक काय पिकवत होते, कोणत्या अवजारांनी पिकवत होते आणि ते धान्य कोणाकडे जात होते, हे त्यांनी विचारले. भारतीय इतिहास लिहिण्याची रीतच त्यामुळे बदलली.

इथे थांबले असते तर हा लेख नुसती आरती झाला असता. पण कोसंबींच्या आयुष्यात एक कडू प्रकरण आहे आणि ते मला टाळायचे नाही. गणितात रीमानचे गृहीतक नावाचा एक प्रश्न 1859 पासून सुटलेला नाही. मूळ संख्या कशा विखुरल्या आहेत, याच्याशी त्याचा संबंध आहे. कोसंबींना वाटले, की संभाव्यतेच्या मार्गाने आपण तो सोडवला. त्यांनी आपला लेख 1959 मध्ये शेतकी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या प्रश्नातले जाणकार ते नियतकालिक वाचत नसत, आणि ज्यांच्याकडे लेख गेला त्यांना तो तपासणे शक्य नव्हते. जाणकारांनी पाहिला तेव्हा तो टिकला नाही. गणितज्ञांत त्यांची प्रतिष्ठा घसरली. त्याच सुमारास भाभांशीही त्यांचे पटेनासे झाले होते. देशाने अणुऊर्जेपेक्षा सूर्याच्या ऊर्जेकडे लक्ष द्यावे, असे ते उघडपणे म्हणत. शांतता चळवळीतही त्यांचा भाग होता. 1962 मध्ये संस्थेने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही.

या प्रकरणावर मी पुष्कळ विचार केला. अनेक विषयांत हात घातला म्हणून ते चुकले, असे म्हणणारे लोक आहेत. माझे मामाही मला हेच सांगतात : एक धर, नीट धर. पण मला कारण वेगळे दिसते. नाण्यांचा नियम त्यांनी आधी चालू नाण्यांवर तपासून घेतला होता. भर्तृहरीचा श्लोक शेकडो हस्तलिखितांना विचारून घेतला होता. देवीची माहिती तिच्या भक्तांना विचारली होती. रीमानच्या वेळी मात्र ज्यांना विचारायला हवे होते, त्यांना त्यांनी विचारले नाही. विषय बदलला तरी विचारण्याची सवय टिकली, तोवर ते कुठेच परके ठरले नाहीत. आणि जो विषय त्यांचा स्वतःचा होता, तिथे ती सवय सुटली तेव्हा ते पडले.

इतिहासातलेही त्यांचे सगळे निष्कर्ष टिकलेले नाहीत. सिंधू संस्कृतीच्या लोकांना नांगर ठाऊक नव्हता, असे त्यांचे मत होते. पुढे राजस्थानात कालीबंगन येथे 1960 नंतरच्या उत्खननात त्याहून जुने नांगरलेले शेत सापडले. माझ्या मते यात त्यांचा अपमान नाही. पुराव्याने खोडता येईल असे स्पष्ट विधान ते करत असत, हेच यातून दिसते.

संस्था सुटल्यावरही त्यांचे काम थांबले नाही. 1965 मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ इंग्लंडमधून प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, 29 जून 1966 रोजी, पुण्याच्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय 58 वर्षे.

आता माझे सांगते. दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन आजीपाशी बसले. तिला लिहितावाचता येत नाही. कॉलेजवाल्यांना मावलायांशी काय करायचे आहे, हे तिला कळेना. आधी तिला वाटले मी चेष्टाच करते आहे. मग ती बोलू लागली आणि माझी आठ पाने भरली. नैवेद्य दहीभाताचा, त्यात मीठ नाही. धाकट्या भावाला गोवर निघाला होता तेव्हा तिने मावलायांना नवस केला आणि त्याच दुपारी आईला पोराला घेऊन सरकारी दवाखान्यात पाठवले. दोहोंत तिला विरोध दिसला नव्हता. सात दगडांपासून जरा दूर एक आठवा दगड आहे, त्याला म्हसोबा म्हणतात. मी तो सुरुवातीपासून तिथेच आहे असे समजत होते. आजी म्हणाली, की तो मागून आला. तिच्या सासूच्या लहानपणी तिथे फक्त बायाच होत्या.

मी चमकले. या माता मूळच्या एकट्या, पुरुषदैवत त्यांच्या शेजारी मागून येते, असे कोसंबींनी लिहिले आहे. पण एका आजीच्या आठवणीने सिद्धांत सिद्ध होत नाही, हेही त्यांच्याचकडून शिकले. आजूबाजूच्या गावांत जाऊन विचारले पाहिजे. तीन गावे झाली आहेत. एका गावी आजीसारखेच उत्तर मिळाले, एका गावी उलट मिळाले, तिसऱ्या गावी कोणालाच काही आठवत नव्हते. तिन्ही उत्तरे मी लिहून ठेवली आहेत.

पुढच्या वर्षी विशेष विषय निवडायचा आहे. मी इतिहास घेणार आहे, आणि संख्याशास्त्राचे एक पुस्तकही ग्रंथालयातून काढले आहे. मामा नाराज आहेत. त्यांची काळजी खोटी नाही. घरात शिकलेली मी एकटीच आहे आणि नोकरीची गरज सगळ्यांनाच आहे. त्यांना अजून पटवता आलेले नाही.

मावलायांचा प्रकल्प मात्र पुन्हा लिहून मी सरांना नेऊन दिला. त्याला गुण मिळणार नाहीत, कारण ते वर्ष संपले. सरांनी तो ठेवून घेतला आणि आठव्या दगडाच्या परिच्छेदापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून परत दिला. चौथ्या गावाला जाण्याची तयारी त्यामुळे आतापासूनच सुरू झाली आहे.